हृदयाच्या पानांचा होया बेळगाव-खानापूरच्या हवेत कसा वाढवायचा

फेब्रुवारी लागला की बेळगावातल्या नर्सऱ्यांत आणि भेटवस्तूंच्या दुकानांत एकेक पान खोचलेल्या चिमुकल्या कुंड्या दिसायला लागतात. जाड, गुळगुळीत, हृदयाच्या आकाराचं एकच हिरवं पान आणि कुंडीला लाल रिबन. १४ फेब्रुवारीला त्या कुंड्या घराघरांत जातात आणि दिवाळीपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: हे वाढत का नाही? खत घालून होतं, जागा बदलून होते, पाणी वाढवून होतं, पान मात्र होतं तेवढंच. याचं उत्तर बहुतेक वेळा खरेदीतच दडलेलं असतं. म्हणून खतापाण्याच्या आधी कुंडीत नेमकं काय आहे ते बघू.

झाडाची ओळख थोडक्यात करून देते. शास्त्रीय नाव होया केरी. मूळ आग्नेय आशियातलं, म्हणजे थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनामपासून खाली जावापर्यंत. आयर्लंडमध्ये जन्मलेले डॉक्टर आर्थर केर यांनी ते थायलंडमध्ये गोळा केलं आणि विल्यम क्रेब यांनी १९११ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. जंगलात ही वेल मोठ्या झाडांच्या सालीवर, फांद्यांच्या बेचक्यात मुळं रोवून वर चढते. आपल्या सह्याद्रीतही होयाच्या जाती आहेत. होया वायटी त्यांतलीच एक. कुळ रुई-कण्हेरीचं, त्यामुळे पान मोडलं की पांढरा चीक येतो. झाडावर चढणारी वेल आणि पानात पाणी साठवण्याची सवय, या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुढची निम्मी पथ्यं आपसूक कळतात.

रोप घेताय की नुसतं पान?

होयाचा नवा कोंब पेऱ्यातून फुटतो. पानाचं देठ जिथं खोडाला मिळतं तिथं डोळा असतो, आणि वेल निघते ती त्या डोळ्यातूनच. ऊस लावणाऱ्या आपल्या भागात हे कुणाला समजावून सांगायला नको. डोळा नसलेलं कांडं सरीत टाकून कुणी उगवणीची वाट बघत नाही. पण होयाच्या बाबतीत हे विसरायला होतं, कारण पानफुटी आपण लहानपणापासून बघत आलोय. पानफुटीच्या पानाच्या कडेला कोंब येतात, म्हणून ह्यालाही येतील असं वाटतं. होयाच्या पानाला ते जमत नाही. देठाच्या टोकाला मुळं फुटतात, पान वर्षानुवर्षं हिरवंगार राहतं, आणि तेवढ्यावरच थांबतं.

नर्सरीत विचारलं तर संवाद ठरलेला.

"अण्णा, ह्याला पुढं वेल येतोय काय?"

"येतोय की अक्का. पाणी घाला, येतंय बघा."

अण्णांवर विसंबून न राहता स्वतः बघायचं. अंगठ्यानं देठाच्या बुडाशी असलेलं कोकोपीट हलकेच बाजूला सारा, साधारण दोन सेंटिमीटर खोल. देठ तसंच खाली जाऊन बोथट गोळ्यात संपलं आणि त्या गोळ्यातून मुळं निघालेली दिसली, तर ते नुसतं पान. देठ एखाद्या काडीच्या तुकड्याला जोडलेलं असेल आणि काडी व देठ यांच्या कोनात मोहरीएवढा उंचवटा दिसत असेल, तर डोळा आहे. डोळा असलेलं पानसुद्धा लगेच फुटत नाही. वर्षभर किंवा त्याहून जास्त वाट बघायची तयारी ठेवा. डोळा नसेल तर मुळं फुटायची पावडर लावून मुळं फारतर जास्त येतील, कोंब येणार नाही.

घरात आधीच असं एकटं पान असेल तर ते टाकून द्यायचं कारण नाही. उजेडात ठेवा, क्वचित पाणी द्या. टेबलावरची शोभा म्हणून ते बरीच वर्षं टिकतं. फक्त त्याला मोठ्या कुंडीत हलवू नका. एका पानाची मुळं ती किती. मोठ्या कुंडीतली ओल त्यांना संपवता येत नाही आणि देठ कुजतं.

वेल हवी असेल तर निदान दोन-तीन पेरी असलेलं रोप घ्या. पानं समोरासमोर जोडीनं येतात, तेव्हा चार-सहा पानं आणि मधे स्पष्ट खोड दिसायला हवं. पानं उलटून मागची बाजू बघा, पेऱ्यांच्या खोबणीत पांढरा कापूस दिसतोय का ते बघा. पान दाबल्यावर कडक लागलं पाहिजे. पिवळ्या-पांढऱ्या कडांचे किंवा मधे पिवळा पट्टा असलेले प्रकार दिसायला देखणे आणि महागही असतात, पण मुळातच सावकाश वाढणाऱ्या झाडात ते आणखी सावकाश वाढतात, कारण अन्न तयार करणारा हिरवा भाग कमी. पहिलाच होया असेल तर साधा हिरवा घ्या. कुरियरनं मागवलेलं रोप आल्या आल्या कुंडी बदलायला घेऊ नका. पंधरा दिवस इतर झाडांपासून लांब, सावलीच्या उजेडात राहू दे. कीड असेल तर तेवढ्यात कळते.

कुंडी आणि भरण

इथं माती हा शब्दच डोक्यातून काढून टाका. पश्चिमेकडची आपली तांबडी माती ओली झाली की दाबून बसते, आणि चिकोडी-अथणीकडची काळी तर भिजल्यावर लोण्यासारखी आणि वाळल्यावर दगड. झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या मुळांना दोन्ही मानवत नाहीत. मी वापरते ते भरण असं: नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे दोन भाग, लाकडी कोळशाचे तुकडे एक भाग, फुटक्या कौलाचे किंवा विटेचे हरभऱ्याएवढे खडे एक भाग, कोकोपीट एक भाग आणि चाळलेलं गांडूळखत अर्धा भाग. कोकोपीट आणि सोडणं आधी दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यातले क्षार निघून जातात. चुरमुऱ्याच्या भट्टीवरचं काळं, अर्धवट जळलेलं तूस मिळालं तर कोळशाच्या जागी चालतं. पूर्ण जळून पांढरी पडलेली राख मात्र नको, ती भरणाचा सामू (पीएच) वाढवते.

भरण बरोबर जमलंय का याची साधी परीक्षा आहे. कुंडी भरून वरून तांब्याभर पाणी ओता. पाणी वर तुंबून न राहता लगेच खालच्या भोकांतून गळायला लागलं पाहिजे. तुंबलं तर खडे वाढवा.

कुंडी कुठली घ्यायची हे तुम्ही कुठं राहता त्यावर आहे. बेळगाव शहर, खानापूर, जांबोटी या ओल्या पट्ट्यात बिनरंगाची भाजलेल्या मातीची कुंडी उत्तम, कारण तिच्या भिंतीतूनही ओल उडते. खानापूर मातीकामासाठी आणि कौलांसाठी जुनं नावाजलेलं गाव, त्यामुळे अशा कुंड्या आपल्याकडं मिळायला अडचण नाही. घेताना बुडाला भोक आहे ना ते बघा आणि छोटं असेल तर वाढवून घ्या. अथणी-रायबागकडच्या कोरड्या हवेत मात्र मातीची कुंडी उन्हाळ्यात फार लवकर वाळते. तिकडं प्लास्टिकची बरी. आकार लहानच ठेवा: एकट्या पानाला अडीच-तीन इंच, चार-सहा पानांच्या रोपाला चार इंच. होयाला मुळं दाटलेली आवडतात. दोन-तीन वर्षांनी, खालून मुळं बाहेर डोकावू लागली की एकच माप मोठी कुंडी, आणि हे काम मार्च ते मेमध्ये उरकायचं. बदलताना मुळं झटकून मोकळी करत बसू नका. आहे तो गड्डा तसाच उचलून नव्या भरणात ठेवा आणि चार-पाच दिवस पाणी देऊ नका.

घरात जागा कुठं?

पूर्वेची खिडकी किंवा पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास, मग दिवसभर लख्ख उजेड, एवढं मिळालं की वेल खूश. पश्चिमेच्या खिडकीत मार्च ते मे या काळात पातळ पांढरा पडदा लावावाच लागतो, नाहीतर पानावर फिकट पिवळे आणि मग तपकिरी चट्टे पडतात. एकदा भाजलेला चट्टा पुन्हा हिरवा होत नाही. दक्षिणेची खिडकी डिसेंबर-जानेवारीत चालते, तेव्हा ऊन तिरपं आणि सौम्य असतं.

शहापूर-वडगावच्या जुन्या कौलारू घरांत समोरचा सोपा अंधारा असतो. तिथं कोपऱ्यात ठेवलेला होया मरणार नाही, पण वाढणारही नाही. अशा घरात काचेचं कौल असेल तर त्याच्याखालच्या भिंतीजवळ टांगा. भर दुपारी कौलातून पडणारा उन्हाचा चौकोन कुठून कुठं सरकतो ते एक दिवस बघून घ्या आणि कुंडी त्या वाटेच्या वीतभर बाहेर ठेवा. घरात कुठंच उजेड नसेल तर पांढरा एलईडी दिवा फूटभर अंतरावरून रोज दहा-बारा तास लावता येतो.

जागा ठरली की सारखी इकडून तिकडं हलवू नका. कळ्या धरलेल्या असताना तर नाहीच. जागा बदलली की होया कळ्या गाळतो.

पाणी: पान दाबून, कुंडी उचलून

"आठवड्यातून किती वेळा?" हा प्रश्नच चुकीचा. बांबूची बारीक काडी कुंडीत खोलवर खुपसून दहा मिनिटांनी काढा. ओलसर लागली तर थांबा. कुंडी उचलून बघायची सवय लावली तर काडीचीही गरज पडत नाही. कोरडी कुंडी लगेच हलकी लागते. साधारण अंदाज हवाच असेल तर एप्रिल-मेमध्ये सहा-सात दिवसांनी, ऑक्टोबरनंतर दहा-बारा दिवसांनी आणि थंडीत पंधरा-वीस दिवसांनी. द्यायचं तेव्हा भरपूर द्या, खालून गळेपर्यंत, आणि बशीतलं पाणी ओतून टाका. रोज चमचाभर पाणी घालणं हा या झाडाला मारायचा हमखास मार्ग.

पान सुरकुतलं तर काय समजायचं, हे नीट लक्षात घ्या, कारण इथंच बरीच झाडं जातात. पान मऊ, सुरकुतलेलं आणि भरण कोरडं असेल तर झाड तहानलेलं आहे. पाणी द्या, काही दिवसांत पान पुन्हा ताठ होतं. पान सुरकुतलेलं आणि भरण ओलं असेल तर मुळं कुजलीत. पाणी असूनही वर पोचत नाही. अशा वेळी आणखी पाणी घातलं की खेळ संपला. झाड बाहेर काढा, काळी-तपकिरी मऊ मुळं स्वच्छ कात्रीनं कापा, पांढरी-कडक ठेवा, सावलीत दिवसभर वाळू द्या आणि कोरड्या नव्या भरणात लहान कुंडीत लावा. पाणी चार-पाच दिवसांनी. सगळीच मुळं गेली असतील तर वरचा निरोगी भाग छाटून कलमं करा.

बोअरचं पाणी वापरत असाल तर भरणावर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो. महिन्यातून एकदा पावसाच्या साठवलेल्या पाण्यानं कुंडी धुवून काढल्यासारखं भरपूर पाणी द्या. घरातल्या आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची पद्धत पडलीय. होयाला ते नको, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात.

चार महिन्यांचा पावसाळा

पुण्या-मुंबईच्या बागकामाच्या व्हिडिओत उन्हाळ्याचीच चिंता जास्त असते. आपल्याकडं होया जातो तो आषाढ-श्रावणात. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरचं बेळगाव, त्यातून पश्चिमेला सह्याद्री; एकदा झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. कणकुंबीकडं तर भिंतींना ओल सुटते. हवेतली आर्द्रता होयाला आवडते, पण कुंडीतली ओल उडून जात नाही आणि उजेड निम्म्यावर येतो, ही जोडी घातक.

वळीव सुरू झाले की तयारीला लागा. उघड्यावरच्या कुंड्या मृगाआधी छपराखाली आणा. छपराखाली म्हणजे पागोळ्यांच्या आत, हातभर तरी. कौलावरून गळणारी धार थेट कुंडीत पडली तर चार महिने झाड पाण्यातच. बश्या काढून टाका, कुंड्या विटेवर किंवा तारेच्या मांडणीवर ठेवा म्हणजे भोकं मोकळी राहतील. दोन कुंड्यांमधे पंजाभर अंतर हवं. तुळस, जास्वंदीला पाणी घालताना याला सवयीनं घातलं जातं, तेव्हा होया शक्यतो वेगळ्याच ठिकाणी टांगा.

जून ते सप्टेंबर पाणी फारच कमी द्यायचं. शहरात तीन आठवडे, जांबोटी-कणकुंबीकडं महिनाभरसुद्धा पाणी न देता चालतं, कारण जाड पानात साठा असतो. संध्याकाळी पानं ओली करू नका. आठवड्यातून एकदा मऊ कोरड्या फडक्यानं पानं पुसा, नाहीतर त्यांवर काळपट बुरशीचा थर चढतो आणि आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी पोचतो. बंद खोलीत असेल तर दिवसातून तासभर पंखा मंद गतीवर चालू ठेवा. पानावर पाणी भरल्यासारखे गडद ठिपके वाढताना दिसले तर ते पान देठासकट काढून टाका, कात्री स्पिरिटनं पुसा. रात्री बॅटरी घेऊन कुंडीच्या खालची बाजू बघा. गोगलगाई तिथं लपून कोवळे शेंडे खातात.

अथणी, रायबाग, चिकोडीच्या पूर्वेकडं चित्र उलटं. तिकडं बेळगाव शहराच्या निम्माही पाऊस नसतो, त्यामुळे पावसाळा हाच होयाचा चांगला हंगाम. पावसाचं पाणी बॅरलमध्ये धरून ठेवा, वर्षभर कामाला येतं.

थंडीत फार करायचं नसतं. पारा १० अंशांच्या आसपास उतरतो त्या रात्री गॅलरीतली कुंडी आत घ्या, पाणी सकाळी आणि कमी. वाढ थांबते, ते ठीकच आहे.

खत

मार्च ते मे आणि मग पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर-ऑक्टोबर, एवढ्याच काळात. कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही आधी ओल्या असलेल्या भरणावर. शेणाची स्लरी, ताकाचं पाणी, कांद्याच्या सालांचं पाणी हे प्रयोग दुसऱ्या झाडांवर करा. पावसाळ्यात आणि थंडीत खत बंद. बिनडोळ्याच्या पानाला खत घालून उपयोग नाही.

वाढ दिसू लागली की

रोप रुळायला बरेच महिने जातात. मग एक दिवस वरून पान नसलेली लांबच लांब शेपटी निघते, दोन-दोन फूट, आणि घरातलं कुणीतरी ती "नुसतीच वाढलीय" म्हणून छाटतं. ती छाटायची नाही. होया आधी आधार शोधत शेंडा पुढं पाठवतो, पानं मागून भरतात. बारीक तारेचं कडं किंवा बांबूच्या कामट्यांची कमान कुंडीत रोवा आणि शेपटी त्याभोवती सैल गुंडाळा. ती कोवळी असतानाच वळवा, जून झाल्यावर मोडते.

कलम करायचं असेल तर वळवाच्या दिवसांत करावं, हवा उबदार आणि दमट असते. दोन पेऱ्यांचा, निदान एक पानजोडी असलेला तुकडा घ्या. कापल्यावर चीक गळतो. तो आपल्या डोळ्यात जाऊ देऊ नका, हात धुवा. तुकडा एक दिवस सावलीत ठेवून चीक वाळू द्या. खालचं पेरं भिजवून पिळलेल्या मॉसमध्ये (वाळवलेल्या शेवाळात) किंवा वरच्याच भरणात पुरा, पान बाहेर. वर पारदर्शक डबा उपडा घालून रोज थोडा वेळ उघडा. मुळं महिना-दीड महिन्यात येतात. नवा कोंब कधी येईल ते झाडाच्या मर्जीवर. हलकेच ओढून बघायचा मोह आवरा.

कीड

पेऱ्यांत पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं एकेक टिपून काढा, आठवड्यानं पुन्हा बघा. माळावरच्या रुईवर पिवळ्याधमक माव्याची गर्दी तुम्ही बघितली असेल. तोच मावा होयाच्या कोवळ्या शेंड्यावर आणि कळ्यांवरही येतो, कुळ एकच ना. पाण्याच्या धारेनं धुऊन काढा, न ऐकल्यास लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि थोडं द्रव साबण मिसळून उन्हं उतरल्यावर फवारा. आधी एका पानावर घालून दोन दिवस थांबा. मुंग्यांची रांग वेलीवर चढताना दिसली तर वर मावा किंवा पिठ्या आहेच असं समजून शोधा. फुलं असतील तर मात्र मुंग्या मधासाठीही येतात.

फुलं

चांगल्या उजेडात, दाटलेल्या मुळांच्या वेलीला काही वर्षांनी फुलं येतात. एका छोट्या दांड्यावर लहान, केसाळ, मेणाची वाटावीत अशा फुलांचा झुबका. पाकळ्या मागं वळलेल्या, रंग आधी पांढरट-मलई आणि दिवसागणिक तांबूस-तपकिरी. मधला मध लालसर तपकिरी, थेंब-थेंब साचून खाली गळतो, तेव्हा झुबक्याखाली पांढरा पडदा किंवा कपड्यांची दोरी नसलेली बरी. फुलं वाळून गळली तरी तो दांडा कापू नका. पुढच्या वेळी कळ्या त्याच दांड्यावर येतात. कळ्या येत नसतील तर खताची पुडी आणण्याआधी कुंडी खिडकीच्या आणखी जवळ सरकवा आणि डिसेंबर-जानेवारीत पाणी जरा जास्तच ताणून द्या.